बायजा मुकी नव्हती

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यात सकाळी नळ आला की साऱ्या गल्लीत बादल्यांचा खडखडाट सुरू होतो. त्या सोमवारीही तसाच सुरू होता. गोपाल मडावींच्या घरामागच्या अंगणात त्यांची आई बायजा शेवग्याखाली सूप घेऊन तांदूळ निवडत होती. सून चंचल ड्रम भरत होती. गोपाल आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता, कारण ऑफिसात बाबू लोकांनी नीटनेटकं असावं असा त्याचा कटाक्ष होता. नात रोशनी कॉलेजला निघायच्या घाईत होती. कोणत्याही घरी दिसावी अशी सकाळ. अंगणातली म्हातारी तेवढी एक शब्दही बोलत नव्हती, आणि त्याचं त्या घरात कोणाला काहीच वाटत नव्हतं.

गल्लीला तर ठाऊकच होतं. मडावींची बुढी मुकी आहे, बिचारी.

आता खरं काय ते सांगतो. बायजा मुकी नव्हती. कारंज्याच्या जंगलाकडच्या तिच्या गावात लग्न निघालं की गाणी सांगायला आधी बायजाला बोलावणं जायचं. नवरदेवाच्या मावशीची अशी खेचायची की मांडव हसून लोळायचा. पण ती गायची, हसवायची, भांडायची ती गोंडीत. वऱ्हाडी तिला सगळी कळायची, बाजारापुरती बोलताही यायची, तोडकीमोडकी. नवरा गोमाजी वारला तेव्हा एकुलत्या एका मुलानं, गोपालनं, तिला इथं आणलं. आणि इथं आल्यावर महिन्याभरात या बाईची जीभ कापली गेली. सुरी नाही लागली त्याला. एका वाक्यात काम झालं.

झालं असं. शेजारच्या भैय्याजींच्या घरच्या काकू कुंपणाच्या भिंतीपाशी कपडे वाळत घालत होत्या. इकडे बायजा शेवग्यावरच्या खारीशी काहीतरी बोलत होती. काकूंनी मान वर केली.

"काय व चंचल, तुही सासू काय बोलून राह्यली? कोणती भाषा हाय हे?"

काकूंच्या मनात काही वाकडं नव्हतं. सहज विचारलं. पण चंचल त्या गल्लीत नवी होती. आदल्याच दिवशी हळदीकुंकवाला कोणीतरी "जंगलातले लोक" म्हणून हसलं होतं आणि तीही त्यांच्याबरोबर हसली होती. चंचल स्वतः गोंडाचीच मुलगी, वर्ध्यात वाढलेली. तिला सासूचा शब्द न् शब्द कळत होता. पण तोंडातून निघून गेलं, "भाषा कायची काकू, मुकी हाय ते. असेच आवाज काढत राह्यते."

काकू हळहळल्या. वाटीभर लोणचं पाठवलं त्यांनी, मुक्या बाईसाठी.

संध्याकाळी चंचलनं नवऱ्याला सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. गोपाल मात्र म्हणाला, "बरं केलं."

गोपालला दुष्ट समजू नका. तसं समजणं सोपं आहे, म्हणूनच सांगतो. लहानपणी आश्रमशाळेत त्यानं गुरुजींना गोंडीत पाणी मागितलं होतं. गुरुजींनी त्याला प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, मी जनावरासारखा बोलणार नाही. सगळी पोरं हसली. त्यातली निम्मी पोरं गोंडांचीच होती, तीही हसली. त्या दिवसानंतर गोपालनं आपली बोली गिळून टाकली, नोकरी मिळवली, घर बांधलं, आणि लेकीला त्या हसण्याचा वारा लागू देणार नाही असं मनाशी ठरवलं. त्याच्या मनात भीती होती. पण भीतीपोटी केलेला अन्यायही अन्यायच असतो, आणि तो सोसणाऱ्याला तेवढाच लागतो.

तो आईजवळ जाऊन बसला. "माय, हळू बोल, लोक ऐकतीन. त्याइच्या समोर बोलत नको जाऊ."

"काऊन? म्या शिवी देली का कोणाले?"

"शिवी नाई व. लोक हसतात."

"हसू दे ना बाप्पा. हसनं वाईट हाय का?"

"तुह्यावर नाई हसत माय. माह्यावर हसतात."

लेकरावर लोक हसतात म्हटल्यावर कोणती आई बोलेल? दुसऱ्या दिवशीपासून ती अंगणात मुकी झाली. मग घरातही, कारण खिडक्या उघड्या असायच्या. चहा हवा असला तर कप दाखवायची. दुखलं तर कपाळावर हात ठेवायची. भैय्याजी भिंतीपलीकडून मोठ्या आवाजात, हातवारे करून तिला "बरं हाय ना आजी?" असं विचारायचे, आणि ती मान डोलवायची. घराला त्या शांततेची सवय झाली. घाण वासाची होते, तशी.

फक्त रोशनी तिच्याशी बोलायची. लहान असताना सुट्टीत गावी जायची तेव्हा आजीच्या मांडीवर तिनं गोंडी उचलली होती. पहिला शब्द शिकली तो येर, म्हणजे पाणी. आता गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्तानं दोघी जायच्या आणि खाली बसून कुजबुजायच्या. बायजा दर दोन वाक्यांनी जिन्याकडे बघायची आणि म्हणायची, हळू बोल, लोक ऐकतील. रोशनीला आधी हसू यायचं. मग हळूहळू येईनासं झालं.

त्या सोमवारच्या आधीच्या हिवाळ्यात कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता भारताच्या मान्य भाषा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांची नावं रोशनी गच्चीवर येरझारा घालत पाठ करत होती. आसामी, बंगाली, बोडो, डोगरी. बायजा बोरं वाळत घालता घालता ऐकत होती. शेवटी तिनं गोंडीत विचारलं, "यात आपली कोणती?"

"आपली नाही यात आजी."

"नाही?"

"अजून नाही घेतली. संथाली आहे, बोडो आहे. मागणी चालू आहे म्हणतात."

बायजानं हातातलं बोर खाली ठेवलं. "मग मी एवढा जन्म काय बोलत होते?"

रोशनीनं रात्री जेवताना तोच प्रश्न बापाला विचारला. गोपाल शांतपणे म्हणाला, "ज्या सरकारनं मानल्या त्या भाषा. बाकी सारं बोलणं. त्यानं नोकरी नाई भेटत, सोयरीक नाई भेटत. तू बावीस पाठ कर अन् नंबर आण."

लाखो माणसं जिच्यात रडतात, अंगाई म्हणतात, मेलेल्याला निरोप देतात, ती भाषा यादीत नाही म्हणून भाषा नाही. हे गोपालसारख्या शिकलेल्या माणसाला पटलं होतं. पण यादीबाहेरची भाषा बोलणं लाजिरवाणं आहे असं घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. ते तुम्ही-आम्ही लिहिलं. कोणी हसून, आणि कोणी ते हसणं ऐकून गप्प बसून.

आता आदल्या रविवारकडे येतो, कारण सोमवारचं बीज तिथंच पडलं होतं. रविवारी रोशनीला बघायला नागपूरचे उईके आले होते. मुलगा रजत, चांगला शिकलेला, डोळ्यांना डोळे भिडवून बोलणारा. त्याचे वडील तानबा उईके रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले. सोयरीक जातीतलीच होती, कुळाचे देवही सोयरिकीला जुळत होते. म्हणजे दोन्हीकडचे गोंड. आणि तरी बैठकीत दोन्हीकडून जी शुद्ध मराठी चालली होती ती बघण्यासारखी होती.

"आमच्याकडे मराठी आणि हिंदीच बोलतात," तानबा आपणहून म्हणाले. "जुनं काही ठेवलं नाही."

"आमच्याकडेही तसंच," गोपाल घाईनं म्हणाला.

बायजाला मागच्या खोलीत बसवलं होतं, दार लोटून. तानबा हात धुवायला उठले तेव्हा ते दार वाऱ्यानं उघडलं होतं. आत खाटेवर एक म्हातारी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. दोघांची नजर भेटली. बायजानं हात जोडले. तानबांचे ओठ हलले, आणि तेवढ्यात मागून गोपालचा आवाज आला.

"माझी आई. बोलता येत नाही तिला."

तानबांनी ओठ मिटले. "असं का," म्हणाले आणि बाहेर येऊन बसले. त्यानंतर त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. गोपालला वाटलं, मुकी आई बघून सोयरीक मोडते की काय. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही.

तर सोमवारची सकाळ. रोशनी पिशवी खांद्याला लावून अंगणात आली आणि तांदळाच्या सुपाशी वाकली. "आजी, जाते," ती गोंडीत कुजबुजली.

बायजानं भिंतीकडे बघितलं. काकूंच्या साड्या वाळत होत्या, काकू नव्हत्या. "संध्याकाळी लवकर ये," ती हळूच म्हणाली. "काल त्या पाहुण्याचं काहीतरी बघितलं मी. तुला सांगायचं आहे."

"आत्ता सांग ना."

"हळू बोल, लोक ऐकतील. संध्याकाळी."

रोशनी गेली. थोड्या वेळानं चंचल चहा घेऊन आली. बायजानं कप धरला आणि तो तिच्या हातातून निसटला. चहा लुगड्यावर सांडला.

"अवो माय, लक्ष कुठं हाय तुमचं? भाजलं का?"

बायजानं वर बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. चंचलनं पदरानं लुगडं पुसलं. काल दार लोटून बसवलं म्हणून रुसली असेल, असं तिला वाटलं. एरवी कोणत्याही घरातली म्हातारी अशी गप्प झाली असती तर सुनेनं हंबरडा फोडला असता, शेजार गोळा झाला असता. इथं मात्र गप्प राहणं हाच त्या म्हातारीचा धर्म करून ठेवला होता. मग आजची शांतता वेगळी आहे हे ओळखणार कोण?

तासाभरानं बायजा सुपावर कलंडली. तांदूळ अंगणभर झाले.

भैय्याजींनी गाडी काढली. "गोपालभाऊ, रिक्षाची वाट नका पाहू, चला." भला माणूस. त्यांनीच बायजाला उचलायला हात लावला, वर्ध्यातल्या दवाखान्यात त्यांनीच स्ट्रेचर मागवलं, आणि तरुण डॉक्टरीण तपासायला आली तेव्हा गोपालच्या खांद्यावर हात ठेवून तेच उभे होते.

बायजा तोवर शुद्धीवर आली होती. डोळे उघडे होते. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला. "आजी, नाव सांगा बरं तुमचं."

बायजा बघत राहिली.

"हात वर करा. दोन्ही."

तिनं केले नाहीत.

"या कधीपासून बोलत नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी गोपालला विचारलं.

हाच तो प्रश्न. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बोलते डॉक्टर, गोंडी बोलते, आम्हीच तिला बोलू देत नाही. गोपालच्या जिभेवर आलंही असेल, माझा तेवढा विश्वास आहे त्याच्यावर. पण त्यानं बाजूला बघितलं. भैय्याजी उभे होते, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काळजी. इतकी वर्षं ज्या माणसानं हातवारे करून आईची विचारपूस केली, त्याच्यासमोर आता काय सांगायचं? आणि गल्लीत कळलं की नागपूरला कळणार.

"ते मुकीच आहे," गोपाल म्हणाला. "जन्मापासून."

"हो डॉक्टरसाहेब," भैय्याजींनी दुजोरा दिला. "आम्ही पाहून राह्यलो ना एवढ्या वर्षांपासून."

"ऐकू येतं का?"

"कमीच येते," गोपाल म्हणाला.

एक खोटं सांभाळायला दुसरं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. सूचना कळत नाही कारण ऐकू येत नाही, बोलत नाही कारण मुकी आहे, हाताची पकड सैल आहे कारण वय झालं आहे. सगळं जुळलं. ऊन लागलं असेल, अशक्तपणा असेल, म्हणून सलाइन लावलं आणि लक्ष ठेवू म्हणाल्या. बायजा छताकडे बघत पडून राहिली. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी आपलं काम करत होती, आणि तिला कोणीही हटकलं नाही.

रोशनी संध्याकाळी धावत आली. ती आजीच्या कानाशी वाकली आणि गोंडीत बोलली. आजी, मी आले. काय सांगायचं होतं? बायजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ओठ एका बाजूनंच हलले. आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. चंचलनं त्या दिवशी काकूंना सांगितलं होतं ना, असेच आवाज काढते म्हणून, अगदी तसा.

रोशनी उठली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेली. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "डॉक्टर, माझी आजी मुकी नाही. सकाळी मी निघाले तेव्हा ती माझ्याशी बोलली. चांगली बोलली."

डॉक्टरीणबाई जागेवरून उठल्या. "वडील तर म्हणाले जन्मापासून..."

"ती गोंडी बोलते. ऐकूही येतं तिला. सगळं ऐकू येतं."

मग धावपळ झाली, डोक्याचा फोटो काढला, मोठे डॉक्टर आले. डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा त्यांनी गोपालकडे बघितलं नाही, रोशनीकडे बघून बोलल्या. "अचानक बोलणं बंद होणं हीच पहिली खूण असते. सकाळी कळलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. ती वेळ गेली आता. वाचल्याच असत्या असं नाही म्हणत मी. पण संधी होती."

भैय्याजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना काही उमगत नव्हतं. "म्हणजे बोलत होती बुढी? मंग आमच्याशी काऊन नाई बोलली कधी?"

चंचल खाली बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

बायजा पुढच्या दिवसांत डोळे मिटूनच होती. रोशनी बोळ्यानं तिचे ओठ ओले करायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, येर, आजी, येर. वॉर्डातल्या बायका वळून बघायच्या. रोशनी आवाज कमी करायची नाही. गुरुवारी पहाटे बायजा गेली. पाहुण्याचं काय बघितलं होतं ते सांगायचं राहूनच गेलं.

माती व्हायच्या आधी नागपूरहून तानबा आणि रजत आले. अंगणात माणसं बसली होती, भिंतीपलीकडे काकू आणि भैय्याजी उभे होते. तानबा आले ते सरळ मृतदेहापाशी गेले, गुडघ्यांवर बसले. बायजाच्या गोंदलेल्या हाताला त्यांनी हात लावला आणि मोठ्यानं बोलू लागले. गोंडीत. म्हाताऱ्या माणसाला निरोप देताना गोंडांत जे बोलतात ते, पूर्वजांना हाक मारून. इस्त्रीचा सदरा, रेल्वेतली नोकरी, शुद्ध मराठी, सगळं बाजूला राहिलं. रजत बापाकडे बघतच राहिला. त्यानं बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग तानबा गोपालकडे वळले. "मले त्याच दिवशी समजलं होतं का बुढी मुकी नाई, गोंडी बोलणारी हाय. तिनं हात जोडले तसे आपल्याच लोकायत जोडतात. म्या हात जोडून सेवा म्हणणार होतो. मंग वाटलं, तुम्ही काय म्हणाल. अन् म्या बी गप्प बसलो."

गोपालनं मान खाली घातली.

"माही माय हाय घरी," तानबा सांगू लागले. "जित्ती हाय. आम्ही लोकायले सांगतो का बुढी येडी झाली, बरळते. बरळत नाई ते. बोलते. माह्याशी बोलाले पाहते, अन् म्या टीव्हीचा आवाज वाढवतो."

रोशनी आजीच्या उशाशी होती. तिला आता कळलं आजीला काय सांगायचं होतं, पाहुण्याच्या हललेल्या ओठांत गोंडीच होती. ती उठून तानबांसमोर उभी राहिली.

"सोयरिकीचं नंतर पाहू," ती म्हणाली. "आधी तुमच्या आईशी बोला. आत्ता लावा फोन. इथंच, सगळ्यांसमोर."

"रोशनी," गोपाल दबक्या आवाजात म्हणाला.

"बाबा, तुम्ही आता कोणाले गप्प नका करू."

तानबांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. घरी बायकोनं उचलला. मायच्या कानाला लाव, मोठ्या आवाजावर ठेव, म्हणाले. पलीकडे चालल्याचा आवाज आला, मग खाट करकरली. तानबांनी गोंडीत हाक मारली. माय, मी तानबा. बोल. काय बोलायचं ते बोल, मी ऐकतो.

मग एक बारीक, घाबरलेला आवाज आला, गोंडीत.

"हळू बोल रे. लोक ऐकतील."

गोपाल तिथंच जमिनीवर बसला. ते वाक्य त्यानं आईला शिकवलं होतं. नागपुरातल्या त्या खाटेवरच्या म्हातारीला कोणी शिकवलं? गडचिरोलीत, यवतमाळात, अजून किती घरांत ते असंच दबक्या आवाजात म्हटलं जात असेल? रोशनीनं तानबांच्या हातातला फोन घेतला, तोंडाशी धरला आणि साऱ्या अंगणाला, भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गोंडीत म्हणाली, "ऐकू दे आजी. बोल तू."

भिंतीपलीकडे काकूंनी डोळे पुसले. कोणाला विचारावं ते त्यांना कळेना, म्हणून जिला पूर्वी विचारलं होतं तिलाच त्यांनी विचारलं.

"चंचल, कोणती भाषा हाय व हे?"

चंचल उठून भिंतीपाशी गेली. त्या दिवशी उभी होती त्याच जागी. तिच्या पायाखाली सोमवारच्या तांदळाचे काही दाणे अजून पडलेले होते.

"आमची हाय काकू," ती म्हणाली. "गोंडी. माही सासू हेच बोलत होती."